शरदिनीताईंच्या मागची रांग

आमच्या इमर्जन्सीत कुणी रडायला लागलं की हाक पडायची, "दीदी को बुलाओ." कुणी पिऊन भांडायला लागलं तरी दीदी. टाके घालताना पोरानं हात झटकला तरी दीदीच. मी मिरजेला तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स पुरा केलेली, इस्त्रीच्या टोपीतली सिस्टर, तिथंच हाताच्या अंतरावर उभी असायची. लोक मलाच विचारायचे, "दीदी कुठे गेल्या?"

या दीदी म्हणजे शरदिनी धुपकर. राजा घाटाच्या मागच्या गल्लीतल्या धुपकर भिक्षुकांची धाकटी मुलगी. घराण्याला काशीत येऊन सहा पिढ्या झालेल्या. वडील दशाश्वमेधावर बसत आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करत. एकदा बार्शीकडच्या एक वयस्क बाई पायऱ्यांवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. बाईंना हिंदीचा शब्द येत नव्हता. एकोणीस वर्षांची शरदिनी दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर आमच्या धर्मादाय इस्पितळात आली आणि अकरा दिवस राहिली. बाई घरी गेल्या, शरदिनी राहिली ती राहिलीच. आधी आया म्हणून, मग हाताखाली शिकत शिकत ड्रेसर. लग्न झालं नाही. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं की इस्पितळातला विटाळ अंगावर घेऊन घराचा उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून त्या सकाळी देवाची आणि ड्यूटीनंतर घराची, अशा दोन आंघोळी गंगेत करत. माघातही करत.

त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. "बकुळ, जल्दी हात चालव गं, पेशंट घबरावतोय." मी कऱ्हाडची. यजमानांची बँकेतून बनारसला बदली झाली म्हणून या गावात आले. मनात म्हटलं, हिला ना धड मराठी ना कोर्स. पण महिनाभरात कळलं की मराठी यात्रेकरूसुद्धा, ज्यांच्यावर माझाच हक्क असं मला वाटायचं, ते तिच्याशीच बोलत. ती त्यांच्या पायाशी बसे आणि विचारी, "मावशी, कुठून आलात? बरोबर कोण?" मी उभ्यानं विचारी, "नाव? वय?" फरक मला दिसत होता. दिसला म्हणून तर जास्त झोंबत होता.

रामफळं आली तर पहिलं रामफळ दीदीला. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरच्या घरी मुलगी झाली तर नाव दीदीनं ठेवायचं. एकदा माझे यजमान मला न्यायला आले आणि दहा मिनिटं तिच्याशी बोलून घरी येताना म्हणाले, "काय छान बाई आहे गं." त्या रात्री मी भाजीत मीठच घातलं नाही, आणि ते का घातलं नाही हे त्यांना कळलंही नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून रामरक्षा म्हणताना मी मागत असे, हे माझ्या पोटातलं काढून टाक. संध्याकाळी निघाल्यासारखं वाटे. सकाळी ड्यूटीवर गेलं की पुन्हा जागेवर.

अठ्ठ्याण्णवच्या पौषात आमचा दुसरा ड्रेसर विश्वेश्वर कावीळ होऊन गेला. साधी कावीळ नव्हती, रक्तातून येते ती. तीन महिन्यांपूर्वी एका अपघाताच्या पेशंटला टाके घालताना त्याला सुई टोचली होती. त्यानं बोट चोखून टाकलं आणि कामाला लागला, कारण आम्ही सगळे तेच करत होतो. ग्लव्ज तर आमच्याकडे धुऊन, पावडर लावून दोरीवर वाळत घालायचे आणि पुन्हा वापरायचे. कुठल्या बोटाला भोक पडलंय ते घातल्यावरच कळे. धुकं इतकं होतं की मणिकर्णिकेवर विश्वेश्वरची चिता पेटली तेव्हा वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या आम्हाला नुसता तांबूस उजेड दिसला.

त्यानंतर ट्रस्टनं ठरवलं की इमर्जन्सीतल्या सगळ्यांना या काविळीची लस द्यायची. तीन डोस. आज एक, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. लस आता आपल्याच देशात बनायला लागली होती. डॉक्टर लोकांनी आपापली आधीच घेऊन टाकली होती. राहिलो आम्ही त्रेचाळीस जण: नर्सेस, ड्रेसर, स्ट्रेचर उचलणारे, सफाईवाले, अँब्युलन्सचे ड्रायव्हर. आमचे मोठे डॉक्टर नीलकंठ त्रिपाठी यांनी मला बोलावलं आणि यादी माझ्या हातात दिली. म्हणाले, "सिस्टर, हे काम तुमचं. एकही सुटता कामा नये."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, या खात्यात निदान एक गोष्ट अशी होईल की लोक म्हणतील, ही बकुळ सिस्टरनं केली. शरदिनीताईंनी नाही.

तीन आठवडे मी यादी घेऊन फिरले. समजावून सांगितलं, फळ्यावर लिव्हरचं चित्र काढलं. सह्या झाल्या सहा. बाकीच्यांपाशी कारणं तयार. एकाला सुईनं कमजोरी येते. दुसरा आणीबाणीची धास्ती घेतलेला, तेव्हा त्याच्या काकाला तापाची सुई म्हणून नेलं आणि नसबंदी करून पाठवलं, तो मला बघितलं की पलीकडच्या दारानं निघून जाई. स्ट्रेचरवाल्यांचा म्होरक्या बसावन, दिवसभर तंबाखू मळणारा, दंडानं माझ्या दुप्पट, तो तर सगळ्यांसमोर म्हणाला, "सिस्टर, काशी में मरे त मुक्ति. आप मुक्ति में अड़ंगा काहे डालती हैं?"

अख्खा व्हरांडा हसला. मीही हसले, घरी जाऊन रडले.

लस शिवरात्रीच्या आधी आठवडाभर आली. पाच बाटल्या, एकेका बाटलीत दहा जणांचा डोस. ड्रेसिंग रूममधल्या फ्रिजची किल्ली माझ्याकडे. वीज त्या दिवसांत आठ-आठ, दहा-दहा तास जायची. मी खोका घेऊन फ्रिजसमोर उभी होते तेव्हा शरदिनीताई मागे गॉज कापत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वर बर्फात नको गं ठेवू. खाली ठेव, टीटीच्या बगलेत."

"लाइट नसते ताई. पोलिओचे डोस आपण वरच ठेवतो की."

"पोलिओ प्यायचा आहे. ही सुईची दवा. सुईची दवा खालीच असते, मी तर अशीच बघत आलेय."

खरं म्हणजे धनुर्वाताची टीटी खाली ठेवतात हे मला माहीत होतं. खोका खालच्या फळीवर ठेवायला मी वाकलेही होते. पण त्यांनी सांगितलं आणि माझं अंग ताठ झालं. गॉज कापणाऱ्या बाईनं मला लस कुठं ठेवायची ते शिकवायचं!

"मी शिकून आलेय, ताई," मी म्हटलं, आणि खोका वर बर्फाला टेकवून ठेवला, दार लावलं, किल्ली फिरवली.

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गॉज कापायला लागल्या.

शिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अँब्युलन्सच्या आवारात टेबल मांडलं. बाटल्या आधीच काढून ठेवल्या होत्या. सहा जण आले, त्यातलेही दोन बाहेरच घुटमळत होते. बसावन तंबाखू मळत लांबून तमाशा बघत होता. इतक्यात शरदिनीताई पदर खोचत आल्या आणि सरळ स्टुलावर बसल्या.

"चल बकुळ, टोच. पण थांब, जरा थांब." त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. कपाळावर घाम. हजारो लोकांना टाके घालणारी बाई स्वतःच्या दंडातल्या सुईला भीत होती!

बसावन ओरडला, "अरे! दीदी डेराइल बाड़ी!"

"हो, घाबरलेय!" त्या डोळे मिटूनच हिंदीत ओरडल्या. "विश्वेश्वरला खांद्यावर कुणी नेलं रे? तूच ना? मग इकडे ये, माझा हात धर. सहा फुटी माणूस लांबून बघतोय, लाज नाही वाटत?"

बसावन आला. त्यानं त्यांचा हात धरला. मी सुई टोचली, त्या "हर हर महादेव" असं इतक्या जोरात म्हणाल्या की फाटकापलीकडच्या रिक्षावाल्यानंही उत्तर दिलं. मग डोळे उघडून बसावनला म्हणाल्या, "आता तुझा हात मी धरते. बस."

तो बसला. त्याच्या मागे त्याचे चार जण. मग सफाईवाले. मग ड्रायव्हर. आणीबाणीवाला सगळ्यात शेवटी आला आणि ताईंना कानात काहीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे मूर्खा, मी पण घेतलीय ना? माझी कोण नसबंदी करणार!" हशात तोही बसला. माझ्यासकट सदतीस जण झाले. टोचणारा हात माझा होता. पण रांग होती ती त्यांच्या मागे.

डॉक्टर त्रिपाठी आले, आकडा बघितला आणि म्हणाले, "वाह दीदी, कमाल." मग माझ्याकडे वळून, "सिस्टर, रजिस्टर नीट ठेवा."

तीन आठवड्यांची माझी पायपीट, आणि तिनं एक डोळे मिटले तर झालं. घरी दिव्यासमोर बसले, पण रामरक्षा अर्ध्यातच सोडून उठले.

पुढचा महिना आमच्या आवारात सगळ्यांची छाती फुगलेली होती. बसावन ग्लव्जशिवायच जखमींना उचलायला लागला. कुणी टोकलं तर दंड ठोकून म्हणे, "टीका लागल बा," म्हणजे लस टोचलीय. शरदिनीताई त्याला बोलत, तरी त्यांनाही आतून भरवसा आलेला होता. मला ते दिसत होतं, कारण मी त्यांच्याकडे इतरांपेक्षा जास्त बघत असे. एक डोस म्हणजे पुरं संरक्षण नाही हे मी दोनदा सांगितलं. माझं सांगणं कोण ऐकतो.

पाडव्यानंतर दुसऱ्या डोसाचा खोका घेऊन कंपनीचा माणूस आला. खोका त्यानं स्वतः उघडून दाखवला आणि सहज विचारलं, "फ्रीजर में तो नहीं रखते न? जम गई तो खेल खत्म. फिर बस पानी समझिए."

"नाही नाही," मी म्हटलं. तोंडातून आपसूक निघालं.

तो गेल्यावर मी नवी बाटली हातात घेतली. हलवली, तर सगळी सारखी पांढुरकी झाली. जुन्या पाचातली एक उरली होती, तिला महिनाभर मी हात लावलेला नव्हता. ती बर्फातून काढली, वितळू दिली, मग हलवून टेबलावर ठेवली. थोड्याच वेळात तळाशी चोथा बसला आणि वर स्वच्छ पाणी आलं. मला शिवरात्रीनंतरची ती सकाळ आठवली. सिरिंज भरताना असेच कण दिसले होते. मी बाटली जोरजोरात हलवली होती आणि रांग लांबतेय म्हणून पुढे गेले होते.

सदतीस जणांना मी पाणी टोचलं होतं.

कुणाला सांगायचं? डॉक्टरांना? आणि मग सगळ्या आवारात होईल की शिकलेल्या सिस्टरनं लस नासवली, आणि दीदींनी तर सांगितलं होतं. या शेवटच्या चार शब्दांपायी मी नवा खोका खालच्या फळीवर ठेवला आणि किल्ली फिरवली. मी हिशेब मांडला की दोन-तीन दिवसांत नवी लस सुरू होते आहे. हाच पहिला डोस धरायचा, आणि पुढं एक जास्तीचा देऊ काहीतरी सांगून. कुणाला काही झालं तर नाही ना. असं म्हणत ती रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मोगलसरायच्या रस्त्यावर जीप आणि टेम्पोची धडक झाली. सात जखमी आले. एकाच्या मांडीला लांब चीर होती आणि तो थरथरत होता. शरदिनीताई टाके घालत होत्या, त्यानं एकदम पाय आखडला आणि सुई त्यांच्या डाव्या तळहातात घुसली. ग्लव्ज फाटून रक्त आलं. त्यांनी हात नळाखाली धरला, दुसरे ग्लव्ज घातले आणि टाके पुरे केले. दुपारी त्या माणसाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. तीच कावीळ. विश्वेश्वरची.

ड्रेसिंग रूममध्ये रिपोर्ट सगळ्यांच्या हातांतून फिरला. त्या मात्र हसल्या. "काय तोंडं करून बसलात? मला तर टीका झालाय. विश्वेश्वरला नव्हता बिचाऱ्याला." मग माझ्याकडे बघून, "बकुळ, दुसरा डोस आहे ना उद्या-परवा? बास मग."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथं डॉक्टर होते, बसावन होता, सगळे होते. म्हणून नाही सांगितलं. दोन वाजले, चार वाजले, ड्यूटी संपली. त्या माझ्यासमोरून चप्पल ओढत गेल्या, "येते गं" म्हणाल्या. मी "हो" म्हटलं.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. त्या संध्याकाळी एक क्षण माझ्या मनात आलं की या बाईला काही झालं तर मग लोक कुणाला बोलावतील? दिव्यासमोर बसले असतानाच आलं. मी चटका बसल्यासारखी उठले. देवाला नमस्कारही केला नाही. कुठल्या तोंडानं करू? नर्सिंगचं जुनं पुस्तक काढलं. त्यात होतं की अशी सुई टोचली तर चोवीस तासांच्या आत चांगली लस द्यावी, आणि तयार प्रतिकारशक्तीचं दुसरं एक इंजेक्शन असतं तेही जितक्या लवकर मिळेल तितकं बरं.

पहाटे पाच वाजता मी निघाले. राजा घाटावर पोचले तेव्हा शरदिनीताई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून अर्घ्य देत होत्या. मी पायरीवर थांबले. त्या ओल्या लुगड्यानं वर आल्या, मला बघून घाबरल्या.

"काय गं? घरी सगळं ठीक ना?"

"ताई, ती लस खराब होती. गोठली होती. ती तुम्हाला लागूच झालेली नाही. आत्ता चला, नवी आलीय, ती द्यायला हवी."

त्या पिळत होत्या तो पदर तसाच हातात राहिला. "गोठली कशी?"

"मी वर ठेवली होती."

"मी तर तुला सांगितलं होतं."

"हो."

त्यांनी हातातला पदर सोडला. मग अगदी हळू विचारलं, "मी सांगितलं म्हणून ठेवलीस वर?"

मी खोटं बोलू शकले असते. वीज जाते म्हणू शकले असते. "हो," म्हटलं.

मला वाटलं होतं त्या जवळ घेतील. सगळे म्हणतात ना, दीदीचं मन फार मोठं. त्यांनी नाही घेतलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "हद झाली बकुळ! माझा राग होता तर मला दोन शिव्या द्यायच्या होत्यास. तू सदतीस लोकांच्या अंगात पाणी भरलंस? आणि मी त्यांचे हात धरले! तो बसावन महिनाभर नंग्या हातानं रक्त उचलतोय, माझ्या तोंडाकडे बघून!" त्यांचा आवाज फुटला. बाजूला आंघोळ करणारे लोक बघायला लागले. "आणि काल? काल दुपारी मी हसत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

त्या खाली बसल्या. तळहाताच्या जखमेवरून अंगठा फिरवत होत्या. मी पहिल्यांदा त्यांना खरोखर घाबरलेलं बघितलं, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची ती सुईची भीती याच्यापुढं काहीच नव्हती.

"चल," त्या उठल्या. "पण आवारात सगळ्यांना तू सांगायचंस."

"ताई, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात. माझं कोण..."

"म्हणूनच मी नाही सांगणार. एकदा माझ्या शब्दावर बसले तर काय झालं बघितलंस ना? आता त्यांना कळू दे काय बिघडलं, कसं बिघडलं. आणि बिघडवलं कुणी ते तू सांग. मी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही."

आठ वाजता डॉक्टर त्रिपाठींनी त्यांना नवी लस टोचली. माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिले, ते बोलण्यापेक्षा वाईट. दुसरं इंजेक्शन बनारसमध्ये कुठंच नव्हतं. ड्रायव्हर लखनौला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाच्या डब्यातून ते घेऊन आला.

पण त्याआधी, त्याच दिवशी दहा वाजता, मी आवारात उभी राहिले. माझी हिंदी तेव्हा अडखळणारी होती. जमेल तसं सांगितलं की लस माझ्या हातून खराब झाली. मला दीदींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. शरदिनीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"त हमनी के बरफ के पानी घोंपाइल?" म्हणजे आम्हाला बर्फाचं पाणी टोचलं का, असं विचारत बसावन पुढे आला. हसत नव्हता.

"हो."

मागून कुणीतरी म्हणालं, आता नवीही पाणीच असेल कशावरून? दोघं-तिघं निघून जायला लागले. माझ्या खिशात दोन बाटल्या होत्या, एक जुनी, एक नवी. मी त्या बाहेर काढल्या, दोन्ही एकदम हलवल्या आणि अँब्युलन्सच्या बॉनेटवर ठेवल्या. "बघा," म्हटलं, "जरा थांबून बघा."

लोक कोंडाळं करून बघायला लागले. नवी तशीच पांढुरकी राहिली. जुनीचा चोथा हळूहळू खाली बसला. बसावन वाकून नाक लावून बघत होता. त्याच्या घरी चार म्हशी, बाप जन्मभर दूध घालणारा.

"अरे, ई त फाट गइल!" तो ओरडला. "फाटल दूध! देखा, छेना नीचे, पानी ऊपर!" मग मला म्हणाला, "सिस्टर, हे आधी सांगायचं ना! लिव्हरचं चित्र काय काढत बसलात? फाटलेलं दूध कोण नाही ओळखत?" त्यानं दोन्ही बाटल्या उचलल्या आणि स्वतःच एकेकाला दाखवत फिरला. प्रत्येकजण हलवून बघत होता. आणीबाणीवाल्यानं तर दोनदा हलवून बघितली.

बसावन दंड उघडा करून टेबलापाशी आला. "चला. हा पहिला धरायचा ना? पण आधी माझ्यासमोर बाटली हलवायची. रोज. प्रत्येक वेळी."

त्या दिवशी एकोणीस झाले. आठवड्यात तेहतीस. चार जण पुन्हा कधीच आले नाहीत, आणि त्यांची नावं मला आजही पाठ आहेत. त्यांच्याकडे शरदिनीताई स्वतः होऊन गेल्या नाहीत. मी गेले, कितीतरी वेळा.

त्या माझ्याशी दीड महिना कामापुरतंच बोलल्या. "कैची." "कापूस." "सरक." मला वाटलं होतं, माफ करतील तर बरं वाटेल. खरं तर त्या बोलत नव्हत्या तेच मला सोसत होतं. माफ केलं असतं तर त्यातही त्याच मोठ्या ठरल्या असत्या, आणि मी पुन्हा जळले असते.

सहा महिन्यांनी, पितृपक्ष संपता संपता, त्यांचं रक्त शेवटचं तपासायला गेलं. तीन डोस झाले होते. मधल्या दोन तपासण्या साफ होत्या, तरी डॉक्टर म्हणाले होते की ही खरी. रिपोर्ट आणायला मी गेले. लिफाफा बंद होता. मी तो लॅबच्या जिन्यातच फोडला, माझा नव्हता तरी. साफ होता. मी जिन्यातच भिंतीला डोकं टेकून उभी राहिले, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडून रामरक्षेची पहिली ओळ आपोआप आली.

ड्रेसिंग रूममध्ये त्या एका शाळकरी मुलीच्या गुडघ्यातली खडी काढत होत्या. मी म्हटलं, "ताई, साफ आहे."

त्यांचा चिमटा थांबला. डोळे मिटले. मग मुलीला म्हणाल्या, "बघ, दुखतंय म्हणून ओरडू नकोस, आज माझा चांगला दिवस आहे." आणि मला, "उभी काय राहिलीस? आयोडीन दे."

बातमी बाहेर कशी पोचली कोण जाणे. पाच मिनिटांत बसावन सकाळीच आणून ठेवलेल्या संकटमोचन मारुतीच्या लाडवांचा द्रोण घेऊन हजर. नर्सेस, ड्रायव्हर, सफाईवाले सगळे दारात. कुणी त्यांच्या पाया पडतंय, कुणी रडतंय. एकजण म्हणाला, दीदी, तुमच्या पुण्याईनं. गर्दी माझ्या खांद्याला धक्के देत आत शिरत होती. मी मागे सरकत सरकत दाराबाहेर आले.

तिथं उभं राहून मी आतला आवाज ऐकत होते. ती जगली, ती मला हवी होती. याहून खरं मी त्या वर्षात काही मागितलं नव्हतं. आणि तरीही आत सगळे तिच्याभोवती हसत होते तेव्हा पोटात ते जुनं, ओळखीचं, पुन्हा हललं. मी त्याला हुसकावलं नाही. नुसतं बघितलं, अजून इथंच आहेस का म्हणून.

मग आतून त्यांचा आवाज आला, "अरे, बकुळ कुठे गेली? आयोडीनची बाटली तिच्या हातात आहे. पोरीचा गुडघा तसाच उघडा पडलाय."

मी बाटली घेऊन आत गेले. गर्दीतून वाट काढत, "सरका, सरका" करत.